जीपचा हिशेब



मागच्या बैठकीत एकानं विचारलं, संघटनेची जीप किलोमीटरला किती खाते? आम्ही तोऱ्यात सांगितलं, ९ रुपये. लिटरला १० किलोमीटर, डिझेल नव्वदीच्या घरात. हे उत्तर खोटं होतं.

जुनी गाडी नुसतं डिझेल खात नाही. दर ५,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टरचे अडीच हजार, म्हणजे किलोमीटरला आठ आणे. २०,००० चे चार टायर ४०,००० किलोमीटर चालतात, आणखी आठ आणे. त्यात १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी वाढवण्याची फी ६०० ची ५,००० झाली.

पण खरा खड्डा आम्हीच पाडला. उन्हाळ्यात दौऱ्यांच्या घाईत एअर क्लीनर धुवायचा राहिला. त्याच्या वाटीतल्या तेलाचा चिखल झाला, धूळ इंजिनात गेली, रिंगा झिजल्या. निळा धूर निघाला तेव्हा आम्ही डिझेलला नावं ठेवली. मिस्तरीनं वाटी काढून समोर धरली. आम्ही शेतकीचे पदवीधर, गप्प! दहा मिनिटांचं काम, आणि बिल ३५,००० चं.

कपाशीचा खर्च सांगतानाही आपण असंच करतो. बियाणं, खत, फवारणी, वेचणी तोंडपाठ. बैलजोडीची उतरती किंमत आणि वखराची झिजलेली पास मात्र वहीत नाही. मग भाव मागायचा तो कशावर?

जीपची वही आज मंडपात ठेवली आहे. पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेत. त्यांच्यासाठी झोळी फिरवायची, की जीप विकून एस.टी.नं हिंडायचं, ते वही पाहून तुम्हीच सांगा.