खुंटीचा आधार

जिना चढतांना, ओझें उचलतांना स्नायूंतील प्रत्येक तंतु आखडतो व ताणला जातो. हा तंतु म्हणजे एक लांबट पेशीच. आणि तिचें वेष्टन इतकें पातळ कीं एवढा ताण त्याला एकट्यानें सोसवणार नाहीं. मग तें फाटत कां नाहीं?

याचें उत्तर पेशीच्या बाहेर आहे. प्रत्येक तंतूभोंवतीं प्रथिनांचें चिवट जाळें असतें. तंबूचें कापड वाऱ्यांत टिकतें तें दोर व खुंट्या यांच्या जोरावर. येथें बाहेरच्या जाळ्यांतील लॅमिनिन ही खुंटी, पेशींतील डिस्ट्रोफिन हा दोर, आणि वेष्टनांतून आरपार जाणारें डिस्ट्रोग्लायकन ही त्यांस जोडणारी कडी होय. आकुंचनाचा जोर या सांखळीवाटें जाळ्यावर वांटला जातो.

फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनीं १८६८ सालीं वर्णिलेल्या रोगांत लहान मुलगा वारंवार पडतो, मांड्यांवर हात टेकून उठतो. त्याच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन नसतें, हें १९८७ सालीं उमगलें. वेष्टनास चिरा पडतात, पेशींतील द्रव्यें रक्तांत झिरपतात आणि तंतु मरतात. १९९४ सालीं याहून बोधप्रद गोष्ट कळली. जन्मतःच दुर्बल असलेल्या कांहीं अर्भकांत डिस्ट्रोफिन शाबूत असतें; उणें असतें तें बाहेरचें लॅमिनिन. दोर आहे, पण खुंटी नाहीं.

हे रोग समूळ बरे करणारा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं. परंतु २००१ सालीं लॅमिनिनहीन उंदरांत दुसऱ्या एका प्रथिनाच्या लहान तुकड्यानें हा दुवा सांधतां आला, व त्यांचे स्नायु सुधारले. पेशीचें बळ जितकें तिच्या अंगीं, तितकेंच तिच्या आधारांत असतें.