धुराड्यातून निसटणारे जस्त
(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



पोलादाच्या कारखान्याविषयी आपण बोलतो ते उत्पादनाच्या आकड्यांत. धुराड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. भंगार वितळवणाऱ्या विद्युत-चाप भट्टीत एक टन पोलादामागे साधारणतः 15 ते 20 किलो धूळ निघते. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि भट्टी 1600 अंशांच्या घरात तापलेली असते. साहजिकच जस्ताची वाफ धुराबरोबर निसटते व गाळणीच्या पिशव्यांत धूळ होऊन साचते. मुलाम्याचे भंगार भरपूर असल्यास या धुळीत 20 ते 30 टक्के जस्त सापडते. कित्येक खाणींच्या खनिजात ते 10 टक्केही नसते!

मात्र याच धुळीत शिसे आणि कॅडमियमही असते. ती उघड्यावर टाकली, तर पावसाबरोबर हे विष जमिनीत मुरते. म्हणूनच हा प्रश्न केवळ कारखानदाराच्या नफ्यातोट्याचा नसून शेजारच्या गावातील विहिरींचाही आहे.

जस्ताच्या या चंचल स्वभावाची ओळख भारताला जुनी आहे. राजस्थानातील जावर येथे मध्ययुगातच मातीच्या मुशींतून ही वाफ खाली उतरवून थंड केली जात असे. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनला जस्त गाळण्याचे पेटंट मिळाले ते 1738 साली. या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आज तेच जस्त उकिरड्यावर टाकावे, हे शोभणारे नाही.

या धुळीतून जस्त काढण्याची प्रचलित रीत वेल्झ भट्टीची. तीत कोळशाच्या साहाय्याने 1200 अंशांच्या आसपास धूळ भाजावी लागते. इंधन जळते, कार्बन हवेत जातो.

दुसरी वाट इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातील अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवली. कोंबड्यांच्या खाद्यातील कोलीन क्लोराइड एक भाग आणि शेतकऱ्याच्या परिचयाचा युरिया दोन भाग एकत्र केले, की 12 अंशांपर्यंत न गोठणारा द्रव तयार होतो. एकटा युरिया मात्र 133 अंशांना वितळतो! अशा द्रावकात जस्ताचा ऑक्साइड विरघळतो, लोहाचा जवळजवळ नाही. विरघळलेले शिसे जस्ताची पूड टाकून वेगळे करता येते, मग विजेच्या साहाय्याने जस्त मिळवता येते आणि द्रावक पुन्हा वापरता येतो.

तथापि ‘हरित’ या विशेषणाने भारावून जाऊ नये. धुळीतील काही जस्त लोहाशी घट्ट बांधलेले असते. त्या फेराइटला हा द्रावक सहसा दाद देत नाही. शिवाय तो काकवीसारखा दाट असल्याने गाळणे अवघड जाते.

आपल्या जालन्यात भंगारापासून सळ्या घडवणारा मोठा उद्योग आहे. तेथील भट्ट्या प्रामुख्याने इंडक्शन प्रकारच्या, म्हणून परदेशातील आकडे तेथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ही स्थानिक धूळ प्रयोगशाळेत न्यावी, तिच्यात मुक्त जस्त किती व बांधलेले किती हे प्रथम मोजावे. कारखानदारांनी त्यासाठी नमुने आणि निधी द्यावा. जावरच्या कारागिरांनी वाफ वाया जाऊ दिली नाही. तोच बाणा आज आपल्यालाही दाखवावा लागेल.