मोड घालण्याआधी मोजून घ्या

(यंदाच्या गणेशोत्सवात सभासदांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला "काहीतरी उपयोगी बोला" असे सांगितले. मागच्या वर्षी डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलले आणि लगेच मोदकांचा प्रसाद वाटला गेला, हे आपल्या लक्षात असेलच. माझा विषय त्यापेक्षा कमी गोड आहे. जुने सोने विकायची वेळ आली तर त्याचा योग्य भाव कसा मिळवायचा, एवढेच मी सांगणार आहे.

आपण राहतो त्या गोल्डन रॉकचे तमिळ नाव पोन्मलै, म्हणजे सोन्याचा डोंगर. आपल्या वर्कशॉपमध्ये मात्र वॅगन, डबे आणि इंजिने यांचेच काम चालते. मी डिप्लोमावाला माणूस. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलो तेव्हापासून व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज यांच्याशीच संबंध. सराफी हा माझा धंदा नाही. पण मोजमापाचा एक नियम आमच्या शॉपमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात : ज्याला माल घ्यायचा आहे त्याच्या एकट्याच्या मापावर विसंबू नये. सोन्याच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. वजन त्याचे, कस त्याचा, भाव त्याचा, हिशेबही त्याचाच. आपण फक्त शेवटचा आकडा ऐकून मान हलवतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या कॉलनीतील एक सहकारी अचानक गेले. नाव सांगत नाही. वहिनींना क्वार्टर सोडायचे होते, गावाकडच्या घराला पत्रे नव्हते आणि हाताशी असलेले पैसे आजारपणात संपले होते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पाटल्या मोडायच्या आहेत. मला इथली भाषा धड येत नाही. सोबत याल का?" त्या दिवशी जे पाहिले आणि त्यानंतर चौकशी करून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट वजनाची. आपल्याकडे तोळा, इथे पवन. पवन म्हणजे आठ ग्रॅम. आजच्या बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. पण आजीच्या ट्रंकेत याद्यांचा कागद सापडला आणि त्यावर "साडेचार तोळे" लिहिलेले असेल, तर तो जुना तोळा समजा. बारा मासे, शहाण्णव गुंजा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. साडेचार जुने तोळे म्हणजे साडेबावन्न ग्रॅम, पंचेचाळीस नव्हे. फरक साडेसात ग्रॅमचा, जवळजवळ एक पवन. म्हणून घरातून निघण्यापूर्वी प्रत्येक दागिना वेगळा तोलून ग्रॅममध्ये लिहून ठेवा आणि फोटो काढा.

दुकानात काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का ते पाहा. पंखा बंद करायला सांगा. तबकडी रिकामी असताना आकडा शून्य दिसला पाहिजे. मी आणखी एक करतो. खिशातले एक नाणे आधी दुसऱ्या चांगल्या काट्यावर तोलून घेतो आणि दुकानात "आधी हे ठेवा" म्हणतो. आमच्याकडे गेज तपासायला मास्टर गेज असते, तसेच हे. प्रामाणिक सराफ यावर रागावत नाही, हसतो आणि ठेवतो.

आता वजनातून काय वजा होते ते पाहू. कोल्हापुरी साज आणि वज्रटीक यांत लाख भरलेली असते. बोरमाळेचे मणी पोकळ किंवा लाखेने भरलेले असतात. मंगळसूत्रात काळे मणी, नथीत मोती. हे वजन सोन्याचे नाही, ते जाणारच, त्याबद्दल तक्रार करू नये. पण ते अंदाजाने नको. खडे, मोती काढून वेगळे तोलायला सांगा आणि परत मागून घ्या. नथीतले जुने मोती सराफ फुकट ठेवून घेतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट कसाची. शुद्ध सोने २४ कॅरेट. २२ कॅरेट म्हणजे चोवीसातले बावीस भाग सोने, म्हणूनच ९१६ हा आकडा. १८ कॅरेट म्हणजे ७५०. आपल्या आया-आज्यांच्या दागिन्यांवर यांपैकी काहीच लिहिलेले नसते, कारण बीआयएसची सोन्याची हॉलमार्क योजनाच २००० साली आली. त्यातही जुन्या दागिन्यांचा डाख हलक्या धातूचा असे. पत्रा बावीसचा असला तरी डाखासकट वितळवल्यावर कस वीस-एकवीसवर येतो. यात कुणाची लबाडी असेलच असे नाही, त्या काळचे काम तसेच होते. काही दागिन्यांवर केडीएम असते. लोक त्याला शुद्धतेचा शिक्का समजतात. ती खरे तर कॅडमियम घातलेल्या डाखाची खूण आहे, हॉलमार्क नव्हे.

कस पाहण्याचे चार मार्ग आहेत. कसोटीचा दगड अनुभवी माणसाच्या हातात चांगला बोलतो, पण तो शेवटी डोळ्यांचा अंदाज. एक्सरेचे यंत्र, म्हणजे दुकानदार ज्याला कॅरेटोमीटर म्हणतात ते, मिनिटभरात आकडा देते; मात्र ते फक्त वरचा पातळ थर वाचते. डाखावर धरले तर कमी दाखवते, मुलामा असला तर जास्त. म्हणून तीन-चार ठिकाणी धरायला सांगा. तिसरा मार्ग वितळवून, लगड करून मग तपासणे. चौथा आणि सर्वांत अचूक म्हणजे प्रयोगशाळेतील अग्निपरीक्षा. बीआयएसच्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो. २०२३ मध्ये जाहीर झालेली फी चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये होती. लाखाचा व्यवहार असताना एवढी फी आणि एक फेरी यांचा कंटाळा करू नये.

घरच्या घरी करायचा एक प्रयोगही आहे. पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. भरीव दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा दिसेल त्याने दागिन्याचे कोरडे वजन भागा. उत्तर साडेसतरा ते पावणेअठराच्या आसपास आले तर माल बावीस कॅरेटच्या जवळ. शुद्ध सोन्याला १९.३ येते. पोकळ, खड्यांच्या किंवा लाखेच्या दागिन्याला हा प्रयोग लागू नाही. आर्किमिडीजने हे राजाच्या मुकुटासाठी केले म्हणतात. आपण पाटलीसाठी करायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि खरी गोम इथेच आहे. वहिनींच्या पाटल्या ४० ग्रॅम भरल्या. भाव रोज बदलतो, म्हणून समजायला सोपे जावे यासाठी आज आपण २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये धरू. म्हणजे २२ कॅरेटचा ११,००० आणि २० कॅरेटचा १०,०००. पहिल्या दुकानात यंत्राने २० कॅरेट दाखवले. मालक म्हणाले, "जुना माल आहे, दहा टक्के घट जाईल. राहिले ३६ ग्रॅम. २० कॅरेटच्या भावाने तीन लाख साठ हजार."

ऐकायला बरोबर वाटते. पण कॅरेट कमी धरले म्हणजे त्यातले तांबे, चांदी, डाख सगळे आधीच वजा झाले. ४० ग्रॅमला २० कॅरेटच्या भावाने चार लाख होतात. मग ही दहा टक्के घट कसली? मी एवढेच विचारले, "कस कमी म्हणून भाव कमी लावलात. मग वजन कशाबद्दल कमी केले?" उत्तर आले, "सगळीकडे असेच असते." एकच कमतरता दोनदा कापायची ही पद्धत. कापायची तर एकदाच कापा : भावात नाहीतर वजनात.

इथे आपली माणसे उपयोगी पडली. सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून गलाईचा धंदा करणारे मराठी लोक देशभर पांगले आहेत. जिथे सराफ बाजार आहे तिथल्या एखाद्या बोळात मूस आणि भट्टी घेऊन आपला माणूस बसलेला सापडतोच. आपल्या मंडळातही अशी कुटुंबे आहेत, आज समोर बसली आहेत. त्यांच्यापैकीच एकांकडे आम्ही गेलो. "गाव कुठलं?" इथपासून सुरुवात झाली. वहिनी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कुणाशी मोकळेपणाने बोलल्या. पाटल्या आमच्यासमोर तोलल्या, मुशीत टाकणखार घालून वितळवल्या, लगड पुन्हा तोलली. ३९.६ ग्रॅम. मळ आणि थोडा हिणकस धातू जळून ०.४ ग्रॅम गेले. ही खरी घट, एक टक्का. लगडीचा टंच निघाला ८५ टक्के. म्हणजे शुद्ध सोने ३३.६६ ग्रॅम, आपल्या धरलेल्या भावाने ४,०३,९२०. त्यातून गाळणी आणि घेणाऱ्याचा नफा म्हणून दोन टक्के गेले. हाती आले सुमारे तीन लाख शहाण्णव हजार.

पहिल्या दुकानापेक्षा जवळजवळ ३६ हजार जास्त. वहिनींनी लगेच मनात पत्र्यांचा हिशेब केला. त्या म्हणाल्या, "मग पुतळ्यांची माळ राहू दे. ती लेकीला." पाटल्यांबरोबर ती माळही पिशवीत आणली होती, हे मला तेव्हाच कळले.

घेणाऱ्याने नफा घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. त्याचे दुकान आहे, भांडवल अडकते. दोन-तीन टक्क्यांपर्यंत मी रास्त समजतो. पण तो आकडा त्याने नफा म्हणून तोंडाने सांगावा, घटीच्या पोटात लपवू नये.

वितळवण्याबद्दल सावधगिरीची एक सूचना. लगड पुन्हा पाटली होत नाही. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी दागिना दाखवा, कागदावर निव्वळ वजन, कस, भाव आणि कपात असे चार आकडे लिहून घ्या, आणि विकण्याचे पक्के झाले तरच मूस पेटवा. दागिना नजरेआड होऊ देऊ नका. खरेदीची जुनी पावती असेल तर सोबत ठेवा. जुनी घडण सुबक असेल तर वितळवण्याआधी तो तसाच घेणारा कोणी आहे का तेही पाहा. आणि दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्याला दागिना कधीच देऊ नका. त्याच्या वाटीतल्या तेजाबात आपले सोने उतरते आणि वाटी त्याच्याबरोबर जाते.

"हॉलमार्क नाही, म्हणून घेता येत नाही" असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलेली सक्ती सराफाने विकण्यावर आहे, आपण घरचे सोने मोडण्यावर नाही. नवे घेताना मात्र सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहाच. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्कात तो असतो आणि बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो.

मोडीच्या बदल्यात नवा दागिना घ्यायचा असेल तर दोन हिशेब वेगळे ठेवा. जुन्याला "पूर्ण भाव" मिळतो तेव्हा नव्याच्या घडणावळीकडे लक्ष द्या. इथल्या पाट्यांवर सेय्कूली आणि सेदारम हे दोन शब्द असतात : मजुरी आणि घट. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने तिथे परत घेतले जाते.

गरज सहा महिन्यांचीच असेल तर विकण्याऐवजी बँकेत तारण ठेवण्याचाही विचार करा. विकले की घरातून गेलेच.

आता कागदपत्रे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे २०१७ पासून कायद्याने बंद आहे. पैसे खात्यावरच घ्या, त्यात आपलेच संरक्षण आहे. घरचे दागिने विकणाऱ्या सामान्य माणसाला त्यावर जीएसटी भरावा लागत नाही. नफ्यावर प्राप्तिकर मात्र आहे : २३ जुलै २०२४ पासून चोवीस महिन्यांहून अधिक काळ जवळ असलेल्या सोन्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वारसाने आलेल्या सोन्याला आधीच्या धारकाचा काळही मोजतात, आणि ते १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या तारखेचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. रेल्वेतल्या सहकाऱ्यांना आणखी एक आठवण : स्वतःच्या नावे केलेला जंगम मालमत्तेचा व्यवहार दोन महिन्यांच्या मूळ पगारापेक्षा मोठा असेल तर महिन्याच्या आत कार्यालयाला कळवावा लागतो. सोनेही त्यात आले.

मंडळी, आपण घर सोडून हजार किलोमीटरवर राहतो. इथली माणसे चांगली आहेत, पण अडचणीच्या वेळी परक्या भाषेत घासाघीस करणे कुणालाही जड जाते. त्यात बाई एकटी असेल तर ती पहिला आकडा ऐकूनच होकार देते. म्हणून माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. मंडळातल्या कुणावर अशी वेळ आली तर सोबत जायला दोन माणसे असावीत. एक काटा आणि हिशेब पाहणारा, एक तमिळ बोलणारा. पहिल्यासाठी माझे नाव आजच लिहून घ्या. दुसऱ्यासाठी आपली इथेच वाढलेली मुले आहेत. त्यांचे तमिळ आपल्यापेक्षा कितीतरी चांगले आहे.

ती पाळी कुणावर येऊ नये, हीच बाप्पाचरणी प्रार्थना. 

गणपती बाप्पा मोरया!