तीन वर्षं कुणाला द्यायची?

१८३१च्या शरद ऋतूत एकवीस वर्षांचा फ्रेडरिक शोपँ पॅरिसला पोहोचला आणि लवकरच फ्रीडरिख काल्कब्रेनरसमोर वाजवायला बसला. काल्कब्रेनर म्हणजे तेव्हाच्या पॅरिसमधली पियानोची बडी असामी. शोपँ त्याच्या वाजवण्यावर असा काही लुब्ध झाला होता की मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने बाकीच्या नामवंतांना, अगदी लिस्टलासुद्धा, त्याच्यापुढे शून्य ठरवून टाकलं. ऐकून झाल्यावर काल्कब्रेनरने सुचवलं, ‘तीन वर्षं माझ्याकडे शीक.’

ही बातमी वॉर्साला पोहोचली आणि घरात काळजी सुरू झाली. वडिलांची पत्रं आली, बहिणीची आली, जुने गुरुजी युझेफ एल्स्नर यांचंही मत आलं. शेवटी शोपँने नकार दिला. काल्कब्रेनरची नक्कल व्हायचं नाही, हे त्याने एल्स्नरना स्वच्छ कळवलं. पण संबंध तोडले नाहीत. ई मायनर कॉन्चर्टो १८३३ मध्ये छापून आला तो काल्कब्रेनरलाच अर्पण केलेला.

मुलासाठी पियानोचा क्लास शोधणारे पालक पहिला प्रश्न विचारतात, सर मोठे आहेत का? दुसरा, फी किती? शोपँने वेगळाच विचार केला. तीन वर्षांनी या घरातून बाहेर पडेल तो कसा वाजवणारा असेल? अर्थात असा हिशेब मांडण्याइतका तो तोवर तयार झाला होता. सात वर्षांच्या पोराच्या वतीने हा विचार आईबापांनाच करावा लागतो, आणि त्यांना बहुधा पियानो येत नसतो.

गंमत म्हणजे शोपँचा पहिला शिक्षक मुळात व्हायोलिन वाजवणारा होता. वोयचेख झिव्नीने १८१६ ते १८२१ अशी पाच वर्षं त्याला शिकवलं. त्याने पोराच्या कानावर बाख आणि मोझार्ट घातले, बोटांत फारशी ढवळाढवळ केली नाही, आणि आपल्याजवळचं संपल्यावर बाजूला झाला. शिक्षक म्हणून ही शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड. पण या उदाहरणावर विसंबून कुणी व्हायोलिनच्या सरांकडे पियानो शिकायला जाऊ नये. सगळीच मुलं शोपँ नसतात, आणि आखडलेलं मनगट सोडवण्यात पुढच्या शिक्षकाचा फार वेळ जातो.

पुढे शोपँ स्वतः शिकवू लागला. तासाचे २० फ्रँक, आणि तेही विद्यार्थ्याने शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे. नव्या विद्यार्थ्याचा उजवा हात तो कसा ठेवून घ्यायचा, ते पेटीच्या भाषेत सांगता येईल. अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, करंगळी पांढरी सातवर. लांब बोटांना उंच काळ्या पट्ट्या, आखूड बोटांना खालच्या पांढऱ्या. घरी पेटी असेल तर करून पाहावं. हात आपोआप गोलाईत बसतो, कुणी ‘बोटं वाकव’ म्हणून ओरडावं लागत नाही. म्हणूनच तो बी मेजरची स्केल आधी शिकवी आणि जगभर सोपी समजली जाणारी सी मेजर शेवटी. ज्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या हाताकडे बघून क्रम उलटा करायचं सुचतं, त्याच्याकडे पोर निर्धास्त सोपवावं.

पेटीचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमजही काढून टाकायला हवा. पेटी येते म्हणजे पियानो अर्धा आलाच, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत धरून चालतात. पेटीत आवाजाचा जोर भात्यात असतो, पट्टी फक्त हवेची वाट मोकळी करते. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते, आणि ती किती वेगाने आपटली त्यावर आवाज ठरतो. एकदा निघालेला सूर वाढवता येत नाही, तो विरतच जातो. त्यामुळे जे करायचं ते पट्टी खाली जाईपर्यंतच, म्हणजे बोट, मनगट, दंड आणि खांदा यांच्या वजनातून. क्लास ठरवण्याआधी दुसऱ्या एखाद्या मुलाचा तास बसून बघावा, तो यासाठी. ‘चुकलं, पुन्हा’ एवढंच तासभर चाललं असेल तर तिथे सूर मोजले जाताहेत, आवाज कुणी ऐकत नाही.

सुरुवातीच्या शिक्षकाचं काम मात्र रुक्षच असतं, आणि ते तसंच असावं. दहा वर्षांच्या कार्ल चेर्नीला १८०१च्या सुमारास वडील बेटहोफनकडे घेऊन गेले. खोलीत कागदांचा आणि कपड्यांचा पसारा, बेटहोफनची दाढी वाढलेली, कानांत कापसाचे बोळे. इतका थोर माणूस, पण त्याने पोराला काय दिलं? सगळ्या स्वरांतल्या स्केल्स, अंगठा आतून कसा न्यायचा, सूर एकमेकांना जोडून कसे वाजवायचे. मोठा झाल्यावर चेर्नी दिवसाला दहा-बारा तास शिकवण्या करी.

१८२२ मध्ये ॲडम लिस्ट आपल्या मुलाला घेऊन व्हिएन्नात आला. आधी त्याच्या मनात गुरू म्हणून हुम्मेल होता, पण हुम्मेलने तासाला एक सोन्याचं नाणं मागितलं. मग चेर्नी. पोर वाजवताना स्टुलावर झिंगल्यासारखं डोलत होतं आणि बोटांना काही शिस्तच नव्हती, असं चेर्नीने आठवणींत लिहून ठेवलंय. त्याने त्याला पुन्हा स्केल्सपाशी आणलं आणि पुढे फी घेणंही सोडून दिलं. शिकवणी वर्षभरापेक्षा थोडीच जास्त चालली. पुढे १८५२ मध्ये फ्रान्झ लिस्टने आपल्या सगळ्यांत अवघड एट्यूड्स चेर्नीलाच अर्पण केल्या.

चेर्नीचाच शिष्य थिओडोर लेशेटित्स्की. त्याच्याकडे जगभरातून विद्यार्थी येत, पण बरेचजण आधी त्याच्या सहाय्यकांच्या हाताखालून जात. मोठ्या नावाच्या क्लासमध्ये प्रत्यक्षात कोण शिकवणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. १८८४ मध्ये पॅदेरेव्स्की चोविसाव्या वर्षी लेशेटित्स्कीकडे पोहोचला. फार उशीर झालाय, हे त्याला तोंडावर सांगितलं गेलं आणि हाती आले बोटांचे प्राथमिक व्यायाम. ते त्याने केले. (हाच गृहस्थ १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधान झाला, हे जाता जाता.)

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. गोव्यात चर्चच्या शाळांमुळे स्वरलेखन वाचणारे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले, मुंबईतल्या शिक्षकांतही गोव्याची नावं बरीच. पणजीला कला अकादमी आहे. पण बहुतेक क्लास चालतात ते लंडनच्या परीक्षांवर, ट्रिनिटीच्या किंवा १८८९ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या. परीक्षकासमोर बसून द्यायच्या बोर्डाच्या परीक्षेत १५० गुण असतात. त्यातले ९० तीन रचनांना, उरलेले स्केल्स, पाहताक्षणी वाचन आणि कानाच्या चाचणीला. १०० ला पास, १३० ला डिस्टिंक्शन. परीक्षा वाईट नाही. मात्र वर्षभर त्याच तीन रचना घोटून पुढची ग्रेड गाठता येते, आणि पाचवी ग्रेड झालेलं पोर साधं नवं पान समोर आलं की अडखळतं. म्हणून शिक्षकांना एक विचारावंच, ‘मुलांनी यंदा परीक्षेबाहेरचं काय वाजवलं?’

गुरू बदलणं आपल्या मनाला टोचतं. भीमसेन जोशी १९३३ मध्ये घर सोडून गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकले. सवाई गंधर्व लाभल्यावर मात्र तो शोध थांबला. पियानोच्या दुनियेत बदल हाच रिवाज आहे. ब्वेनोस आयरीसमध्ये कडक शिस्तीच्या स्कारामुत्सांकडे वाढलेली मार्था आर्गेरिच चौदाव्या वर्षाच्या सुमारास व्हिएन्नाला फ्रीडरिख गुल्डाकडे आली. गुल्डा तेव्हा स्वतः पंचविशीत. तो तिचं वाजवणं टेपवर घ्यायचा, तिलाच ऐकवायचा आणि कुठे काय बिघडलंय ते तिच्याकडूनच वदवून घ्यायचा.

आज त्यासाठी टेप लागत नाही, फोन पुरतो. तास रेकॉर्ड केला तर चालेल का, हे क्लास लावतानाच विचारावं. काही शिक्षक लगेच हो म्हणतात आणि घरी नेमका कुठला भाग ऐकायचा तेही सांगतात. काहींना तो आपल्यावरचा संशय वाटतो; अशा ठिकाणी वर्षाची फी एकदम भरू नये, महिनाभराचीच भरावी.