ट्रॅक्टरचा आंकडा आणि घरगुती वेल्डिंग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहरापासून थोड्या अंतरावर चार-दोन एकर जमीन घेऊन राहणाऱ्या गृहस्थांचा मोठा वर्ग आहे. त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय शेतीचा नव्हे. कोणी कचेरींत काम करतो, कोणी शाळेंत शिकवितो. तरी दारीं लहानसा ट्रॅक्टर असतो, आणि त्याच्या पुढें दोन पोलादी बाहूंवर सुपासारखी एक बकेट बसविलेली असते. माती उचलणें, हिवाळ्यांत बर्फ लोटणें हीं तिचीं नेहमींचीं कामें. परंतु एकदां ट्रॅक्टर दारीं आला म्हणजे हौसेला अंत राहत नाहीं. बकेटच्या वरच्या कांठावर दोन-तीन आंकडे जोडले, तर सांखळी अडकवून ओंडका उचलतां येईल, असें गृहस्थाच्या मनांत येतें. आंकडे बाजारांत तयार मिळतात. कोठीच्या कोपऱ्यांत भिंतीवरच्या साध्या प्लगवर चालणारें छोटें वेल्डिंग यंत्रही असतें. तासाभरांत काम उरकतें, रंगाचा हात फिरतो, आणि शेजारी येऊन कौतुक करून जातात.

तो आंकडा खरोखर जोडला गेला आहे काय, हा प्रश्न मात्र तेथें कोणी विचारीत नाहीं.

वेल्डिंग म्हणजे लोखंडास लोखंड चिकटविणें नव्हे. तांब्याच्या भांड्याला डांख देतांना भांडें वितळत नाहीं. वितळते ती डांख. वेल्डिंगमध्यें दोन्ही तुकड्यांचे कांठ स्वतः वितळून, वरून पडणाऱ्या धातूशीं एकजीव झाले पाहिजेत. त्याला उष्णता लागते, आणि छोट्या यंत्राची उणीव नेमकी येथेंच आहे. अमेरिकेंत घरांतील साध्या प्लगचा दाब १२० व्होल्ट असून त्यांतून १५ किंवा २० अँपिअर प्रवाह मिळतो. गुणाकार केला तर १८०० ते २४०० वॅट, म्हणजे न्हाणीघरांतील पाणी तापविण्याच्या यंत्राएवढी शक्ति. (भारतांतील घरांत दाब २३० व्होल्ट असल्यामुळें १६ अँपिअरच्या प्लगमधून हिच्या दीड-दोन पट शक्ति मिळूं शकते.) एवढ्या बळावर तें यंत्र एका फेरींत सुमारें ५ मिलिमीटर जाडीचें पोलाद सांधूं शकतें, आणि पूर्ण जोरावर चालविलें तर बहुधा १० मिनिटांत २ मिनिटेंच चालवून त्याला विसांवा द्यावा लागतो. आंकड्याचा बुंधा मात्र या ५ मिलिमीटरांच्या कित्येक पट जाड असतो. तो उष्णता शोषून घेतो. वरची धातू थिजते, दिसते सुरेख, पण खालीं शिरत नाहीं. भाकरीवर लोणी ठेवावें तशी ती नुसती वर बसलेली असते.

याची परीक्षा सोपी आहे, आणि ती केल्यावांचून बकेटला हात लावूं नये. ज्या जाडीचें काम करावयाचें त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे घ्यावे. एक आडवा ठेवून दुसरा त्यावर काटकोनांत उभा करावा, आणि एकाच बाजूनें सांधा घालावा. गार झाल्यावर हातोड्यानें उभा तुकडा सांध्याच्याच बाजूस पाडावा. सांधा सालीसारखा निघून आला, आणि खालच्या पत्र्यावर घांसल्याच्या जुन्या खुणा जशाच्या तशा दिसल्या, तर तेथें वेल्डिंग झालेंच नाहीं असें समजावें. पोलाद फाटून खडबडीत तोंड दिसलें, किंवा पत्राच वांकला, तर सांधा खरा. पहिल्याच प्रयत्नांत या परीक्षेंत उतरणारे थोडे.

कित्येकदां दोष यंत्राचा नसून जोडणीचा असतो. अशा यंत्रांत पुष्कळदां पोटांत भुकटी भरलेली तार वापरतात. तिच्यासाठीं तार ऋण अग्रास आणि पकड धन अग्रास हवी. वायूच्या आवरणाखालीं चालणाऱ्या भरीव तारेला याच्या उलट. यंत्र विकत घेतल्यावर माहितीपत्रक न वाचणें हा दोष सर्व देशांत सारखाच आढळतो.

मग छोट्या यंत्राच्या धन्यानें आंकड्यांचा नाद सोडावा काय? तसें नाहीं, कामाची वांटणी मात्र करावी. एकतर बकेटचा वरचा पत्रा बेताचाच जाड असतो. आंकडा थेट त्यावर जोडला आणि सांधा टिकला, तरी ओढ एका जागीं येऊन पत्राच फाटण्याचें भय. म्हणून मध्यें ६ मिलिमीटर जाडीची रुंद पट्टी घालावी. आंकडा पट्टीवर जोडणें हें जाड काम. तें मोठें यंत्र असलेल्या कारागिराकडे न्यावें. पट्टी हातांत धरून नेतां येते, ट्रॅक्टर न्यावा लागत नाहीं. पट्टी बकेटवर चहूंबाजूंनीं जोडणें हें घरच्या यंत्राच्या आटोक्यांतलें आहे. त्याआधीं रंग व गंज घांसून चकचकीत धातू उघडी करावी, जागा गॅसच्या बत्तीनें चांगली तापवून घ्यावी, आणि एका जाड फेरीऐवजीं दोन-तीन बारीक फेऱ्या घालाव्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार सोडून ठेवावी. पकड बकेटलाच, सांध्याच्या जवळ लावावी. ती मागें सांगाड्यास लावली, तर प्रवाह बाहूंच्या खिळींतून जाऊन त्या खराब करतो. जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड या कामीं घेऊं नये. त्याचा धूर छातींत गेला तर कांहीं तासांनीं हुडहुडी भरून ताप येतो. आणि मुलांना तो निळा प्रकाश पाहूं देऊं नये. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना त्या वेळीं नव्हे, मध्यरात्रीं सुरू होते.

सांधा फसला तर काय होतें याचें मोठें उदाहरण त्याच देशांतलें आहे. १६ जानेवारी १९४३ रोजीं ओरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड येथें शेनेक्टडी नांवाचें नवें तेलवाहू जहाज, धक्क्यास बांधलेलें असतां, शांत पाण्यांत दुभंगलें. प्रथम सारा ठपका वेल्डिंगवर आला. पुढें थंडींत ठिसूळ होणारें पोलादही तितकेंच दोषी असल्याचें दिसून आलें. ट्रॅक्टरच्या आंकड्याचें तसेंच आहे. तोही थंडींतच बर्फांत रुतलेली गाडी ओढण्यास लावतात, आणि ताणलेली सांखळी सुटली म्हणजे तिच्या वाटेंत उभा असलेला माणूस बचावणें दैवाधीन.

म्हणून पहिलें ओझें हलकें घ्यावें, जमिनीपासून वीतभरच उचलावें, आणि कोणासही जवळ उभें राहूं देऊं नये. झाडाचें खोड हिसके देऊन उपटण्यास हा आंकडा कधींही लावूं नये. हिसक्याचा जोर ओझ्याच्या वजनाहून कितीतरी अधिक असतो. काम झाल्यावर सांध्याच्या कडेनें बोट फिरवून पाहावें. रंगावर केसासारखी रेघ किंवा गंजाची तांबूस ओळ दिसली, तर तेथें तडा गेला आहे. त्यावर नवा थर चढवूं नये. तो सांधा मुळापर्यंत कोरून काढावा, आणि मग पुन्हां घालावा.