नाव तिचं, कागद तिचे

(झरी जामणी येथे बचत गटातील महिला आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



मघाशी एका मावशींनी विचारलं, "पोरीले नर्स म्हणून बाहेरदेशी पाठवाचं तं पैसे किती लागते?" मावशी, आधी कागद किती लागतात ते पाहू. कागद जितके अपुरे, तितके एजंटाचे पैसे जास्त. म्हणून आज कागदांबद्दलच बोलणार आहे. आणि कागदांबद्दल बोलायचं म्हणजे बाईच्या नावाबद्दल बोलायचं, हे माझ्याही जरा उशिराच लक्षात आलं.

महाराष्ट्रात नर्सचं काम करायला मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. तशीच प्रत्येक देशाची आपापली नोंदणी असते. इथली नोंदणी तिथे चालत नाही. तिथली संस्था दोनच गोष्टी तपासते. ही बाई म्हणते तीच ती आहे का? आणि ती सांगते ते ती खरोखर शिकली आहे का? सगळ्या अर्जांचं, शिक्क्यांचं सार एवढंच आहे.

इथे एक कटू गोष्ट आधीच सांगते. आपल्या भागातल्या पुष्कळ मुली एएनएम करतात, कारण ते दोन वर्षांत होतं आणि खर्च कमी येतो. काम मोलाचं आहे, गावची बाळंतपणं त्यांच्याच जिवावर निघतात. पण इंग्लंड, जर्मनीसारख्या देशांत नोंदणीकृत नर्स व्हायला जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग हवं. हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा, बारावीच्या निकालाच्या दिवशीच सांगा.

आता पहिला प्रश्न, ही बाई तीच आहे का?

माझ्याकडे एक मुलगी आली होती. जीएनएम झालेली, वॉर्डात सात वर्षं काम केलेली. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. कौन्सिलच्या नोंदणीवरही तेच. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. शिवाय सासरी तिचं पाळण्यातलं नावही बदललेलं. परदेशातल्या कारकुनाच्या टेबलावर या दोन वेगळ्या बाया होत्या. फाइल अनेक महिने अडकली. ती मला म्हणाली, "ताई, पेशंट माह्या हातानं बरे झाले, अन् मी कोन हायो हे मात्र दुसऱ्याच्या नावावरून ठरते."

लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ती रीत आहे. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला जोडण्याची सक्ती सरकारने २०१६ च्या डिसेंबरात काढून टाकली. म्हणजे जिला आपलं पहिलं नाव ठेवायचं आहे तिला ते ठेवता येतं. जिचं बदललं आहे तिने राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि लग्नाचा दाखला जवळ ठेवावा, आणि कौन्सिलमधली नोंदही बदलून घ्यावी. पण ज्या मुली अजून शिकत आहेत त्यांना माझं सांगणं, दहावीच्या सनदेवरचं नाव हेच तुमचं नाव. ते कुणाच्या मायेखातर बदलू नका.

स्पेलिंगचंही तसंच. आत्राम इंग्रजीत एका 'ए'ने लिहायचं की दोन? मडावीत 'व्ही' की 'डब्ल्यू'? शाळेत गुरुजींनी एक लिहिलं, कॉलेजच्या बाबूने दुसरं. आणि जन्मतारीख? पोडावरच्या किती पोरी १ जूनला जन्मल्या ते शाळेचं रजिस्टर सांगतं! खरी तारीख आता मिळणार नसेल, तर निदान सगळ्या कागदांवर एकच तारीख असू द्या.

आणखी एक गोष्ट, जी या तालुक्यात मोठ्याने बोलली जात नाही. झरी जामणीचं नाव वर्तमानपत्रांत येतं ते कुमारी मातांच्या बातम्यांत. फसवून गेलेला पुरुष बातमीत नसतोच, बाईची मात्र छापून बदनामी होते. त्या मातांच्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत. त्यातल्या कुणाला नर्स व्हायचं असेल, परदेशी जायचं असेल, तर "बापाचं नाव?" हा प्रश्न दर खिडकीवर उभा राहतो. त्यांना सांगा, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळू शकतं आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा लागतो. २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील, एकाचं नाव पुरतं. आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात, महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर, आईचं नाव लावणं बंधनकारक झालं आहे. खिडकीवरच्या बाबूला हे ठाऊक नसेल तर आपण चौघी सोबत जाऊन सांगू.

दुसरा प्रश्न, ती खरोखर शिकली का?

यासाठी तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, पदविका, कौन्सिलची नोंदणी आणि तिचं वेळेवर केलेलं नूतनीकरण लागतं. शिवाय ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कोणता विषय किती तास शिकला, कोणत्या वॉर्डात किती तास काम केलं, याचा कॉलेजने दिलेला तक्ता. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वॉर्ड आणि पद हवं. "मनमिळाऊ व कष्टाळू आहे" एवढ्यावर भागत नाही.

लक्षात ठेवा, आखाती देशांसाठी हे कागद तपासणारी यंत्रणा तुमच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाही. ती थेट कॉलेजला, कौन्सिलला, दवाखान्याला विचारते. तिकडून उत्तर गेलं नाही तर फाइल थांबते. म्हणून कॉलेज सोडतानाच ट्रान्स्क्रिप्ट मागून घ्या. अनुभवाचा खोटा दाखला तर चुकूनही जोडू नका. पकडला गेला की पुढची दारंही बंद होतात.

काही ठिकाणी मूळ कागद बाँडच्या नावाखाली अडकवून ठेवतात. तोंडी विनवण्या करत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि दुसऱ्या खेपेला एकटी जाऊ नका.

मग क्रम कसा लावायचा? साधा नियम आहे, जे शिळं होतं ते शेवटी. पदविका शिळी होत नाही. भाषेच्या परीक्षेचा निकाल, पोलिसांचा दाखला, कौन्सिलचं पडताळणीपत्र यांना मुदत असते. आधी नाव दुरुस्त, मग ट्रान्स्क्रिप्ट, मग भाषा. इंग्लंडसाठी आयईएलटीएस परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. नंतर एक परीक्षा संगणकावर आणि एक तिथे प्रत्यक्ष कामाची. जर्मनीला साधारण बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं. कोलामी, मराठी, हिंदी आणि पलीकडची तेलुगू कानावर घेऊन वाढलेल्या मुलीला आणखी एक भाषा जड नाही, हे मी अनुभवाने सांगते. तिला वेळ मात्र द्यावा लागेल, चूल आणि पाणी यांतून सुटलेला वेळ.

आता मावशींचा पैशाचा प्रश्न. एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. आणि होतं काय? २०१५ मध्ये कोचीत सीबीआयने कुवेतच्या नर्सभरतीचं प्रकरण उघड केलं. १९,५०० रुपयांच्या जागी १९ लाख ५० हजार घेतल्याचा आरोप होता. त्याच वर्षी सरकारने नियम केला की आखातासह ठरावीक अठरा देशांत जाणाऱ्या नर्सला, ती दहावी पास असली तरी, उत्प्रवास मंजुरी लागेल. म्हणून "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू" म्हणणाऱ्याच्या हाती पोरगी देऊ नका, शेत तर नाहीच नाही.

कुणी म्हणेल, इथल्या उपकेंद्रात नर्स नाही आणि तुम्ही पोरींना परदेशी पाठवता? प्रश्न रास्त आहे. पण तो आधी रिकामी पदं न भरणाऱ्यांना विचारा, कंत्राटावर तुटपुंज्या पगारात राबवणाऱ्यांना विचारा. इंजिनिअर मुलगा अमेरिकेला गेला की आपण पेढे वाटतो. आदिवासी मुलगी निघाली की मात्र तिला गावाची सेवा आठवून देतो. जायचं की राहायचं हे ती ठरवील. आणि ही नीट लावलेली फाइल इथल्या सरकारी भरतीतही तितकीच उपयोगी पडते.

शेवटी, आपण काय करायचं? प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या नर्सिंगच्या मुलींची यादी करावी. एक दिवस बसून नाव, स्पेलिंग, तारीख सगळ्या कागदांवर जुळते का ते पाहावं. न जुळणाऱ्यांची यादी घेऊन आपण मिळून पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊ आणि दुरुस्तीचं शिबिर झरीतच घ्या म्हणून मागणी करू. एकेका मुलीने मुंबईच्या खेपा का घालायच्या? झेरॉक्सचा एक संच गटाच्या पेटीत ठेवा. मूळ कागद मात्र तिच्याच हातात असू द्या. बापाच्या ट्रंकेत नको, नवऱ्याच्या कपाटात नको, एजंटाच्या बॅगेत तर नकोच.

चला, पहिली यादी आजच करू. वही आणली आहे. कोण सांगतं पहिलं नाव?