नाव नंतर, नोंद आधी



येताना लिंबाचं एक पान आणलंय. पुढच्या रांगेनं ते उजेडाकडे धरून पाहावं आणि मागे द्यावं. पानावर चांदीसारखी नागमोडी वाट दिसेल, तिच्या मधोमध काळसर रेघ. ती अळीची विष्ठा. पानाच्या पापुद्र्याखाली राहून अळी रस पीत पुढे सरकते, म्हणून शेतकरी तिला नागअळी म्हणतो. शेवटी पानाची कड दुमडून तिथंच कोष करते. त्यातून निघणारा रुपेरी पतंग पंख पसरले तरी जेमतेम अर्धा सेंटिमीटर, पुढच्या पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. कीटकशास्त्रज्ञ स्टेन्टन यांनी १८५६ साली कोलकात्याच्या नमुन्यांवरून त्याला फायलोक्निस्टिस सिट्रेला असं नाव दिलं.

ही अळी बागायतदाराला छळते, म्हणून तिची ओळख पक्की झाली. जे बारके पतंग कुणाला छळत नाहीत, त्यांचं काय? आपल्या आसपास चिखलोली धरण, कोंडेश्वर, बारवीचं रान, कुठंही पावसाळ्यात पांढरी चादर बांधून दिवा लावा. तांदळाच्या कणीएवढे जीव येऊन बसतात. हॅम्प्सन यांचे भारतीय पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ मध्ये निघाले, पण या बारक्या कुळांना त्यांत जागा मिळाली नाही.

ती उणीव एडवर्ड मेरिक यांनी भरून काढली. इंग्लंडात मार्लबरोला ते शाळामास्तर होते. मॅक्सवेल यांनी आपल्या कारवारात जमवलेले पतंगही त्यांच्या टेबलावर पोहोचले. जगभरच्या हजारो जातींची वर्णनं या एका माणसानं लिहिली. मात्र जननेंद्रियं तपासायची पद्धत त्यांनी स्वीकारली नाही, आणि बारक्या पतंगांत कित्येक जाती नुसत्या पंखांवरून वेगळ्या काढताच येत नाहीत. पोटाचा भाग अल्कलीत मऊ करून आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. मेरिक यांच्या नमुन्यांवर ते काम पुढे गेट्स क्लार्क यांनी केलं. त्या कामाचे खंड १९५५पासून निघू लागले. हे शक्य झालं, कारण प्रत्येक नमुन्याच्या टाचणीला टोचलेली नोंदीची चिठ्ठी शाबूत होती.

अशी चिठ्ठीच मी एकदा हरवून बसलो. करंजाचं पोखरलेलं पान बाटलीत ठेवलं होतं, तोंडाला मलमल. एका सकाळी काचेवर पतंग दिसला, लांब पायांवर पुढचं अंग उचलून बसलेला. त्या ऐटीवरून ग्रॅसिलॅरिइडी हे कूळ कळलं. फोटो काढला, पतंग सोडला, पान फेकलं. जाणकारांनी विचारलं, पान कुठंय? पोखरण वरच्या बाजूला होती की खालच्या? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती नोंद कुळापाशीच अडली आणि आजही मला बोचते.

अशा कितीतरी नोंदी निसटत असतील, म्हणून ‘दुर्मीळ’ हा शब्द मी जपून वापरतो. कुणी पाहिलाच नसेल, तर पतंग दुर्मीळ की आपण बेफिकीर, हे ठरायचं कसं? म्हणून रानातच नव्हे, उल्हासनगरात वालधुनी नदीकाठच्या झाडांखालीही पाहायला हवं.

पोखरलेलं पान दिसलं की झाड ओळखा, पान वहीत दाबा, तारीख आणि नेमकी जागा लिहा. पतंग निघाला तर मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. नाव मागाहून येईल, दहा वर्षांनीसुद्धा. दाराजवळच्या टेबलावर अशी पानं ठेवायला कोरी पाकिटं ठेवली आहेत. जाताना प्रत्येकानं दोन तरी घेऊन जावीत, ही विनंती.